आठ दिवसांची बाग

गेल्या पावसाळ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीशी मी तीन पसरट ट्रे मांडले. अंगण नाही, गच्ची सोसायटीची; तेव्हा बागेची हौस भागवायची ती एवढ्यातच. एका ट्रेमध्ये सब्जा पेरला, दुसऱ्यात लेट्यूस (युनानी वैद्यकात ज्याच्या बियांना 'तुख्मे-काहू' म्हणतात तीच ही भाजी), तिसऱ्यात बडीशेप, आणि उरलेल्या मातीत, एका जुन्या डब्यात, धणे. सब्जा तिसऱ्या दिवशी वर आला, लेट्यूस पाचव्या. बडीशेप रेंगाळली. धण्यांनी मात्र अजिबात दाद दिली नाही. शेजारच्या आजींनी डब्यात डोकावून एकच प्रश्न विचारला, "धणे रगडून घेतले होते का?" घेतले नव्हते. धण्याचा दाणा म्हणजे वास्तविक दोन बियांची जोडी. ती हलक्या हाताने फोडून, रात्रभर भिजवून मग पेरायची, हे ज्ञान त्यांच्यापाशी होते आणि माझ्यापाशी नव्हते.

योगायोग असा, की त्याच सुमारास थिओफ्रास्टस वाचत होतो. अ‍ॅरिस्टॉटलचा हा शिष्य, त्याच्यामागे त्याची पाठशाळा चालवणारा. त्याच्या वनस्पतिविषयक ग्रंथाच्या सातव्या भागात कोणते बी किती दिवसांत रुजते याची एक यादीच आहे. सब्जाच्या जातीची तुळस तीन दिवसांत, लेट्यूस चार-पाच दिवसांत, शेपू चार, मोहरी पाच. कांद्याच्या जातीची मंडळी आणखी रेंगाळणारी. ओव्याच्या कुळातली सेलेरी सर्वांत हट्टी, चाळीस दिवस, कधी पन्नास. कोथिंबिरीबद्दल तो म्हणतो, की ती कष्टाने उगवते, आणि नवे बी ओले केल्याखेरीज येतच नाही. सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वीच्या अथेन्समधला हा विद्वान आणि आमच्या शेजारच्या आजी यांचे इतके एकमत पाहून गंमत वाटली.

पण मला इथे लिहायचे आहे ते या यादीविषयी नव्हे. याच ग्रंथात अन्यत्र, एका सुगंधी झुडपाची लागवड सांगताना, थिओफ्रास्टस ओघात म्हणून जातो, की उन्हाळ्यात लोक 'अडोनिसच्या बागा' लावतात तशी ही झाडेही कुंड्यांत लावतात. वाचकाला त्या बागा माहीतच आहेत असे त्याने गृहीत धरले आहे. आज आपल्याला त्या माहीत नसतात. आणि ज्यांनी त्यांच्याविषयी लिहून ठेवले त्यांपैकी बहुतेकांनी त्या लावल्या नव्हत्या, लांबून पाहिल्या होत्या. या लेखाला कारण झाली ती ही गोष्ट.

अडोनिस हा अ‍ॅफ्रोडायटीचा तरुण प्रियकर. रानडुकराने मारला गेलेला. त्याची आई मिर्रा झाड झाली, आणि त्या झाडाचा डिंक म्हणजे आपल्याकडे बाळंतिणीच्या औषधात पडणारा हिराबोळ. अथेन्समधल्या स्त्रिया दरवर्षी या अडोनिसचा शोक करीत. तो नगराचा अधिकृत सण नव्हता. त्यासाठी राजमान्य पुरोहित नव्हता की देऊळ नव्हते. प्रतिष्ठित घरच्या बायका आणि गणिका, दोन्ही त्यात असत. फुटक्या घागरींचे तुकडे, पसरट मडकी, टोपल्या यांत माती भरायची, तिच्यात लेट्यूस, बडीशेप, गहू, जव असे लवकर येणारे बी पेरायचे, आणि ते रोप शिडीने घराच्या धाब्यावर चढवायचे. तिथे रात्रभर नाच, गाणे, रडणे. मग ती कोवळी रोपे सुकत, आणि अडोनिसच्या छोट्या प्रतिमांबरोबर त्यांना पाण्यात सोडून देत. जर्मनीतल्या कार्ल्सरूहे येथील संग्रहालयात इ. स. पू. चौथ्या शतकाच्या आरंभीचे एक तेलपात्र आहे. त्यावर शिडीवर चढलेली एक स्त्री आणि तिच्या हाती दिली जात असलेली अर्धी फुटकी, अंकुरांनी भरलेली घागर असे चित्र आहे. (बडीशेपेला ग्रीक भाषेत 'मॅरेथॉन' म्हणत. ज्या मैदानावर इराण्यांचा पराभव झाला त्याचे नाव या साध्या वनस्पतीवरून पडलेले आहे. आज ते नाव घेऊन धावणाऱ्यांपैकी किती जणांना जेवणानंतरची बडीशेप आठवत असेल?)

इथे एका बारकाव्याकडे लक्ष वेधावेसे वाटते. लेट्यूसचे बी उन्हाळ्याच्या कडक उष्णतेत रुजायला नाखूष असते. पारा तिशीच्या पुढे गेला की पुष्कळ वाणांचे बी मातीत नुसते पडून राहते. शिवाय या बियांना प्रकाशाची थोडी चाहूल लागते, म्हणून त्या खोल पुरायच्या नसतात. १९५२ साली अमेरिकेतल्या बेल्ट्सव्हिल येथे बोर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेट्यूसच्याच बियांवर तांबड्या प्रकाशाचे प्रयोग केले, आणि वनस्पतींना प्रकाश 'कळतो' कसा याचा उलगडा तिथून सुरू झाला. तेव्हा ग्रीसच्या भर उन्हाळ्यात, तापलेल्या धाब्यावर, मूठभर मातीत लेट्यूस पेरून ते चार-पाच दिवसांत येईल हे कठीण दिसते. ही भांडी आधी घरातच, सावलीत, ओलाव्याला ठेवून रुजवली जात असावीत आणि मग वर नेली जात असावीत, असा माझा तर्क आहे. तसे असेल तर ज्याला सगळे 'खेळ' म्हणत आले त्यामागे बी, ऊब, ओल आणि उजेड यांची नेमकी जाण होती, आणि ती घराच्या आत होती. पाहणाऱ्यांना फक्त गच्ची दिसली.

या पाहणाऱ्यांत सर्वांत थोर प्लेटो. 'फीड्रस' या संवादात सॉक्रेटिस विचारतो, की ज्या बियांविषयी शेतकऱ्याला आस्था आहे, ज्यांना फळ यावे असे वाटते, ती तो अडोनिसच्या बागेत पेरून आठ दिवसांत डवरलेली पाहून खूश होईल काय? तसे तो केले तर सणासुदीची मौज म्हणून करील. मनापासूनची पेरणी तो योग्य जमिनीत करील आणि आठव्या महिन्यात पीक हाती आले म्हणजे समाधान मानील. हा दृष्टान्त शेतीसाठी आलेला नाही, लेखनासाठी आला आहे. लिहिलेला शब्द म्हणजे अडोनिसची बाग. समोर बसलेल्या शिष्याच्या मनात पेरलेला शब्द म्हणजे खरे शेत. वर्गात शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला हे ऐकायला गोड वाटते यात शंका नाही. पण दृष्टान्त चालावा म्हणून त्या बागा आधी क्षुल्लक ठरवाव्या लागल्या, हे आम्ही शिकवताना सांगत नाही. पुढे 'अडोनिसच्या बागांहून निष्फळ' अशी म्हणच ग्रीक भाषेत रूढ झाली.

विनोदी नाटककारांनाही हा विषय आवडे. मिनँडरच्या 'सामिया' या नाटकात एक तरुण कबूल करतो, की त्याच्या घरी बायका हा सण करीत होत्या, बागा वर नेत होत्या, रात्रभर नाचत होत्या, आणि तो ते पाहत होता. त्या रात्रीतून शेजारच्या मुलीला दिवस गेले आणि नाटकाचा सारा गुंता तिथून सुरू झाला. अ‍ॅरिस्टोफेनिसचा प्रसंग अधिक गंभीर आहे. इ. स. पू. ४११ मध्ये रंगभूमीवर आलेल्या 'लिसिस्ट्राटा'त एक वयस्क अधिकारी बायकांच्या उच्छृंखलपणाचा पुरावा म्हणून एक आठवण सांगतो. लोकसभेत डेमोस्ट्राटस सिसिलीवर आरमार धाडण्याचा प्रस्ताव मांडत होता, आणि त्याची बायको गच्चीवर नाचत 'हाय अडोनिस' म्हणून ओरडत होती. ती मोहीम इ. स. पू. ४१५ मध्ये निघाली आणि ४१३ मध्ये संपूर्ण नाशाने संपली. आरमार बुडाले, सिराक्यूजच्या खाणींत हजारो कैदी खितपत पडले. प्रेक्षागारात बसलेल्यांपैकी कितीकांची मुले त्यात गेली असतील. पुढे पाचशे वर्षांनी प्लुटार्क त्याच प्रसंगाची नोंद अपशकुन म्हणून करतो: आरमार निघण्याच्या सुमारास बायका ठिकठिकाणी प्रेतासारख्या प्रतिमा मांडून ऊर बडवीत होत्या.

आता पाहा. मोहिमेला मत दिले ते पुरुषांनी. स्त्रियांना मताचा अधिकार नव्हता. गच्चीवरच्या बायका दरवर्षीप्रमाणे आपल्या सुकणाऱ्या रोपांसाठी रडत होत्या. पण पराभवानंतर स्मरणात राहिले ते त्यांचे ओरडणे. नाटकातला तो अधिकारी बायकांच्या आरडाओरड्यावर चिडतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जेम्स फ्रेझर याने या बागांचा प्रश्न नव्याने उपस्थित केला. 'द गोल्डन बाउ' १८९० साली निघाले आणि अडोनिसवरचे स्वतंत्र पुस्तक १९०६ साली. त्याचे म्हणणे असे, की हा यातुविधी आहे: भांड्यातले रोप भराभर वाढले की शेतातले पीकही त्याच्या मागोमाग वाढेल, आणि रोप पाण्यात सोडले की पाऊस पडेल. पुराव्यासाठी तो थेट आपल्याकडे वळला. कर्नल टॉडच्या १८२९ च्या ग्रंथातून त्याने मेवाडच्या गौरीचा सण घेतला: लहानशा चरात जव पेरायचे, पाणी घालून, कृत्रिम ऊब देऊन ते रुजवायचे, बायकांनी हातात हात घेऊन फेर धरायचा, आणि ते अंकुर पुरुषांना द्यायचे, पुरुष ते पागोट्यात खोवतात. डाल्टनच्या १८७२ च्या ग्रंथातून त्याने छोटा नागपूरच्या उराँव आणि मुंडांचा करम सण घेतला. गावच्या प्रमुखाच्या मुली वाळूमिश्रित ओल्या मातीत हळद कालवून जव पेरतात, फिकट पिवळे पाते वर येते, करमच्या फांदीपुढे ते ठेवून मग सर्वांना वाटतात, आणि मुली ते केसांत माळतात. सिसिलीतल्या ईस्टरपूर्वीच्या, अंधारात वाढवलेल्या पांढुरक्या गव्हाच्या थाळ्याही त्याच यादीत आहेत.

१९७२ साली मार्सेल डेतिएन या फ्रेंच अभ्यासकाने ही सारी मांडणी उलटी केली. त्याच्या मते या बागा सुफलतेच्या नव्हेत, तर वांझपणाच्या. शेतीच्या नेमक्या विरुद्ध टोकाला असलेली ही उथळ, उतावीळ पेरणी. डेमीटर देवीच्या विवाहित स्त्रियांच्या व्रताची विडंबनापर प्रतिमा. लेट्यूस थंड, ओले आणि ग्रीक समजुतीप्रमाणे पुरुषत्व घालवणारे. हिराबोळ उष्ण आणि कामोद्दीपक. अडोनिसची कथा या दोन टोकांमधली. पुस्तक विलक्षण बुद्धिमान आहे. मी ते दोनदा वाचले. पण शेवटी डेतिएनही प्लेटोच्याच बाजूला जाऊन उभा राहतो. १९९० मध्ये जॉन विंकलर याने त्याला उत्तर देताना विचारले, की हे सारे पुरुषांच्या नजरेतून झाले. गच्चीवरच्या बायकांना काय वाटत होते? त्याच्या मते त्या हसत असाव्यात. चटकन उभे राहून चटकन माना टाकणाऱ्या त्या रोपांत त्यांना पुरुषांच्या कर्तृत्वाचीच आठवण होत असावी. तर्क थोडा चावट आहे, पण प्रश्न योग्य आहे.

मराठी वाचकाला एव्हाना नवरात्र आठवले असेलच. आश्विन शुद्ध प्रतिपदेला परडीत किंवा पत्रावळीवर वावरी, म्हणजे शेतातली काळी माती, पसरून तिच्यात पाच किंवा सात धान्ये पेरायची, मध्ये पाण्याचा घट, वर रोज एक माळ. देवघराच्या अंधुक कोपऱ्यात, नंदादीपाच्या उजेडात, नऊ दिवसांत हातभर उंच, पिवळेधमक असे रोप येते. कुठे त्याला धन म्हणतात, कुठे रुजवण. दसऱ्याला घट उठला की ते बायका केसांत माळतात, पुरुष टोपीत किंवा कानावर खोवतात. टॉडने मेवाडात पाहिले ते पागोटे आणि माझ्या आजोबांची टोपी यांत फारसे अंतर नाही.

अलीकडे या विधीचे एक स्पष्टीकरण फार लोकप्रिय झाले आहे: घटस्थापना म्हणजे पूर्वजांनी शोधलेली बियाण्याची उगवण-चाचणी. रब्बीची पेरणी तोंडावर असते, घरचे बी कसे आहे ते आधी कळावे. ऐकायला पटते, काळही जुळतो. तरी मला ते मान्य होत नाही. चाचणी म्हटली की मोजदाद आली. सोयाबीनच्या घरच्या बियाण्यासाठी कृषी खाते सांगते त्याप्रमाणे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे, आणि सत्तर उगवले तर बी पेरण्याजोगे समजायचे. घटातले दाणे मुठीने टाकलेले असतात, सगळी धान्ये एकमेकांत मिसळलेली असतात, आणि कोणीही ते मोजत नाही. शिवाय अंधारातली ती उंची हे जोमाचे लक्षण नव्हे. उजेड मिळाला नाही की पाते उजेडाच्या शोधात लांबत जाते आणि त्यात हरितद्रव्य तयार होत नाही. पिवळेपणा येतो तो त्यामुळे. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे रोप आजारी. पण दक्षिणेकडील देवळांतल्या अंकुरार्पणाच्या विधीत, जिथे उत्सवापूर्वी पालिका नावाच्या पात्रांत रात्रीच्या वेळी बी पेरतात, सरळ वाढलेला पांढरा-पिवळा अंकुर शुभ मानला आहे आणि काळपट, वाकडा अंकुर अशुभ. शेताचे शास्त्र आणि घटाचे शास्त्र एक नाही. प्लेटोने या पेरणीला निरुपयोगी म्हणून हिणवले. आपण तिला उपयुक्त ठरवून तिचा बचाव करतो. दोन्हीकडे माप एकच, उपयोगाचे.

आणि या मापाचा जाच कुणाला होतो हे मी घरातच पाहिले आहे. आमच्याकडे घट पेरायचा आईने, पाणी शिंपडायचे आईने. त्याकडे बघून 'यंदा गहू बरा आहे, ज्वारी मार खाणार' असे सांगायचे आजोबांनी. मी आठ-नऊ वर्षांचा असतानाच्या एका नवरात्रात तिसरी माळ झाली तरी परडीतली माती काळीच राहिली. घरात कोणी मोठ्याने बोलले नाही. पण आत्या दोनदा येऊन बघून गेली, आणि 'घरात काही उणे पडले असेल' एवढेच म्हणाली. उणे कुणाचे, हे सांगायची गरज नव्हती. त्या रात्री मला जाग आली तेव्हा देवघरात आई परडीपुढे बसली होती. वरची माती हाताने अलगद बाजूला करून ती नवे दाणे टाकत होती, पुन्हा माती सारत होती. मी अंथरुणातून पाहत राहिलो. मिनँडरच्या नाटकातल्या तरुणासारखा मीही पाहणारांतलाच. तिला हाक मारली नाही, आणि सकाळी कुणाला सांगितलेही नाही. दसऱ्याला धन नेहमीपेक्षा बुटके होते, पण होते. आजोबांनी ते टोपीत खोवले आणि गव्हाचे भाकीतही केले.

या लेखाची जुळवाजुळव करताना थिओफ्रास्टसच्या आठव्या भागात बियांच्या वयाविषयी मजकूर सापडला: पेरणीला एका वर्षाचे बी उत्तम, दोन वर्षांचे त्याहून कमी, तीन वर्षांचे आणखी कमी, त्यापुढचे वांझ. तो वाचल्यावर मी आईला फोन केला. इतक्या वर्षांत तिला त्या रात्रीविषयी कधी विचारले नव्हते. तिला सगळे आठवत होते. ती म्हणाली, "अरे, आत्याने माळ्यावरच्या कणगीतले गहू काढून दिले होते. तीन-चार वर्षांचे, पोरकिडे लागलेले. मी म्हटलेही होते, हे येणार नाहीत. मग रात्री डब्यातले नवे घातले, आणि आले."

मी विचारले, तेव्हाच सगळ्यांना का नाही सांगितलेस?

"सांगितले होते की," आई म्हणाली.